पंधरांतील आठ रुपये : नामदार गोखले यांच्या शिक्षणाची कथा

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांना शालेय पुस्तकातील तो लहान मुलगा आठवतो. गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडविलेले असल्यामुळे गुरुजींची शाबासकी त्याला सोसवली नाही आणि तो भर वर्गात रडू लागला, ही ती कथा. कथा बोधप्रद आहे यात शंका नाही. तथापि गोखल्यांच्या बाळपणात याहूनही मोलाची एक हकिकत घडली आणि तिचा नायक गोपाळ नव्हे, तर त्याचा थोरला भाऊ होता. पुढे ज्यांना महात्मा गांधींनी आपले राजकीय गुरू मानले, त्या पुरुषाच्या घडणीत या भावाचा आणि त्याच्या पत्नीचा किती वाटा होता, हे आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात नव्या पिढीसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. कोतळूक हे त्यांचे आजोळ. घराणे चित्पावन, कुलीन, परंतु पैशाने ओढगस्तीचे. कोकणातील कातळावर उदरनिर्वाह होणे कठीण, म्हणून त्या काळी कितीतरी कुटुंबे घाट चढून देशावर गेली. गोपाळरावांचे वडील कृष्णराव यांनीही तीच वाट धरली आणि कोल्हापूर संस्थानाच्या छायेखालील कागल या जहागिरीत कारकुनी पत्करली. पुढे ते तेथेच फौजदार झाले. मातोश्री सत्यभामाबाई. अपत्ये सहा, दोन मुलगे आणि चार मुली. थोरला गोविंद, धाकटा गोपाळ. कृष्णरावांचे स्वतःचे शिक्षण परिस्थितीमुळे पुरे झाले नव्हते. म्हणूनच असेल, परंतु मुलांनी इंग्रजी शिकावे ही त्यांची तळमळ होती, आणि त्याकरिता दोन्ही मुलांना त्यांनी कोल्हापुरास ठेवले होते.

१८७९ साली कृष्णराव निवर्तले. गोविंद त्या वेळी अठरा वर्षांचा आणि गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. घरात साठविलेला पैसा नव्हता. चुलते अंताजीपंत यांनी विधवा भावजयीस व मुलांस ताम्हनमळा या मूळ गावी नेले, म्हणून निवाऱ्याची सोय झाली. पण पोटाची काय आणि शिक्षणाची काय, दोन्ही चिंता उभ्याच होत्या. अशा वेळी घरातील कर्त्या माणसाने जे करावयाचे ते गोविंदरावांनी केले. त्यांनी आपले शिक्षण सोडले आणि कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली.

इथवरच्या घटनेत असामान्य असे काही नाही. बाप गेला, थोरल्याने पुस्तके बांधून ठेवली आणि नोकरी पाहिली, असे लाखो घरांत घडले आहे. असामान्य आहे ती पुढची वाटणी. त्या पंधरा रुपयांतील आठ रुपये गोविंदराव दरमहा गोपाळाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवू लागले. उरले सात. या सात रुपयांत विधवा आई, बहिणी, पत्नी आणि स्वतः, एवढ्यांचा संसार त्यांना चालवावयाचा होता. एकट्या शिकणाऱ्या मुलासाठी अर्ध्याहून अधिक आणि साऱ्या घरासाठी अर्ध्याहून कमी, असा हा हिशेब. कोणत्याही कारकुनाने तो मांडून पाहावा. मीठमिरची, धान्य, कपडालत्ता, सणवार, आजारपण हे सारे सात रुपयांत बसविण्यासाठी घरातील प्रत्येकाच्या ताटातून रोज काहीतरी कमी व्हावे लागले असेल, हे सांगण्यास चरित्रकाराची गरज नाही.

गोपाळालाही या आठ रुपयांची किंमत पुरती ठाऊक होती. कोल्हापुरात तो हाताने स्वयंपाक करून राही, प्रसंगी एक वेळ जेवण टाळी, आणि दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून रस्त्यावरील कंदिलाच्या उजेडात अभ्यास करी, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८८० साली, त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याचे लग्नही झाले. १८८१ साली तो मॅट्रिक झाला. त्या काळी मॅट्रिक होणे म्हणजे सरकारी कचेरीत बऱ्या पगाराच्या जागेची हमीच. पंधरा वर्षांच्या गोपाळाने ठरविले की आता पुरे. दादाने फार सोसले, यापुढे आपण नोकरी करून त्याचा भार हलका करावा.

या ठिकाणी वहिनी पुढे आल्या. दिराने कॉलेजात गेलेच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला आणि खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून दिले. त्या काळच्या स्त्रीच्या दृष्टीने दागिना ही हौसेची वस्तू नव्हती. तिच्या नावावर जमीन नसे, पेढीत ठेव नसे. पतीच्या पश्चात तिला आधार म्हणून जे काही असे ते तेवढेच. सासू विधवा झाल्यावर घराची काय दशा झाली, हे या स्त्रीने नुकतेच डोळ्यांनी पाहिले होते. असे असताही तिने आपला एकमेव आधार दुसऱ्याच्या पुस्तकांसाठी मोडला. गोखल्यांची गोष्ट शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला त्या दागिन्यांविषयी थोडेफार ऐकावयास मिळाले, परंतु वहिनींचे नाव मात्र कोणी सांगितले नाही. आपल्या समाजात कुटुंबाच्या त्यागाची नोंद ही अशीच होते. वस्तू लक्षात राहते, माणूस विसरला जातो. आणि त्या घरातील चार मुलींना पाटी मिळाली की नाही, हा प्रश्न तर त्या काळी कोणाच्या मनात उद्भवलाही नसेल. एका मुलाच्या शिक्षणाची जी किंमत कुटुंबे देत आली, तिच्यात बहिणींचा हा मूक वाटा नेहमीच धरला पाहिजे.

गोपाळराव प्रथम कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले, काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते आणि शेवटच्या वर्षासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे दादाच्या साऱ्या पगारापेक्षा धाकट्याची शिष्यवृत्ती पाच रुपयांनी अधिक झाली. कवी वर्डस्वर्थ यांचे नातू त्या वेळी या कॉलेजाचे प्राचार्य होते. त्यांच्यासारख्यांच्या हाताखाली गोपाळरावांचे इंग्रजी तयार झाले. १८८४ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी ते बी. ए. झाले. ज्या वयात गोविंदरावांनी पुस्तके मिटली, त्याच वयात गोपाळरावांच्या हाती पदवी पडली. एका भावाच्या अठराव्या वर्षाने दुसऱ्याचे अठरावे वर्ष विकत घेतले, असेच म्हणावे लागेल.

आता खरे तर गोविंदरावांच्या कष्टांचे फळ पदरी पडावयास हवे होते. त्या काळचा पदवीधर म्हणजे मामलेदारीचा, मुन्सफीचा किंवा वकिलीचा अधिकारी. गोपाळरावांनी कायद्याच्या अभ्यासासही आरंभ केला होता. घराला हातभार लागावा म्हणून १८८५ साली त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी धरली. भाऊ वकील होईल, घराचे दैन्य फिटेल, ही गोविंदरावांची अपेक्षा होती आणि ती सर्वथा न्याय्य होती. परंतु पुण्यात टिळक आणि आगरकर या दोन तेजस्वी पुरुषांच्या सहवासात गोपाळरावांच्या मनाने वेगळेच घेतले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद व्हावे, अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापनास वाहून घ्यावे, असा त्यांचा निश्चय होऊ लागला. वेतन पंचाहत्तर रुपयांच्या पुढे जाण्याचे नाही, हे उघड होते.

गोविंदरावांच्या त्यागाची खरी परीक्षा येथे झाली, असे आम्हांस वाटते. पंधरांतील आठ रुपये देताना निदान उद्याची आशा होती. आता ती आशाच सोडावयाची होती. आईबाप आणि वडीलभाऊ मुलासाठी पोटाला चिमटा घेतात, पण त्या चिमट्याच्या पोटी एक न बोललेली अट असते, की मुलाने आमचे दिवस पालटावेत. ती अट मागे घेणे हे पैसा देण्यापेक्षा अवघड आहे. गोपाळरावांनी भावाच्या अनुज्ञेवाचून पाऊल टाकले नाही, आणि मोठ्या कष्टाने का होईना, गोविंदरावांनी ती अनुज्ञा दिली. १८८६ साली गोपाळराव सोसायटीचे आजीव सभासद झाले. शिकविण्यासाठी त्यांनी अंकगणिताचे जे पुस्तक तयार केले ते पुढे देशभर चालले, अनेक भाषांत गेले आणि त्याच्या उत्पन्नाने घराला आधार मिळाला. दैवाची गंमत अशी, की गणिताने ज्याला वर्गात रडविले अशी कथा आहे, त्याला गणितानेच पुढे आर्थिक स्वास्थ्य दिले.

गोपाळरावांच्या सार्वजनिक जीवनाचा विस्तार सर्वश्रुत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. न्यायमूर्ती रानडे यांच्याजवळ त्यांनी अर्थशास्त्राचे आणि सार्वजनिक कार्याचे खडतर शिक्षण घेतले. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद सांभाळले. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले, १८९९ मध्ये मुंबईच्या आणि त्यानंतर वरिष्ठ कायदेमंडळात निवडून गेले. १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजातून तीस रुपयांच्या निवृत्तिवेतनावर बाहेर पडले. १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी काशी येथील काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी हा मान त्यांना मिळाला. १९०७ साली गोविंदराव निवर्तले आणि त्यांच्या कुटुंबाची जबाबदारी गोपाळरावांवर आली. व्हाइसरॉयच्या मंडळात अंदाजपत्रकाची चिकित्सा करणारा हा पुरुष घरी दोन कुटुंबांचा हिशेब जमवीत होता. १९१४ साली देऊ केलेला सर हा किताबही त्यांनी नाकारला.

या सर्व कार्यांत गोविंदरावांच्या घराशी थेट नाते सांगणारे कार्य एकच आहे, आणि ते अयशस्वी ठरले. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करावे असा ठराव मांडला. त्या काळी हिंदुस्थानात लोकसंख्येच्या शंभरांतील दोघेही प्राथमिक शाळेत जात नव्हते, अमेरिकेत ते प्रमाण एकवीस होते. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यामुळे ठराव मागे घेण्यात आला. वर्षभर वाट पाहून मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी रीतसर विधेयक आणले. ते अतिशय सावध होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती, तीही जेथील नगरपालिका किंवा जिल्हा मंडळ तयार असेल आणि जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत असतील तेथेच. मुलींसाठी ती पुढे लागू करता येईल, अशी तरतूद होती. खर्चाचा मोठा हिस्सा सरकारने उचलावा, उरलेल्यासाठी स्थानिक संस्थांनी कर बसवावा. आणि ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये.

या दहा रुपयांच्या कलमापाशी आम्ही नेहमी थबकतो. ज्याचे बाळपण पंधरांतील आठ आणि सात यांच्या हिशेबात गेले, त्या माणसाने हे कलम लिहिले आहे. काटेकोर पाहिले तर पंधरा रुपयांच्या गोविंदरावांना त्या माफीचा लाभ झाला नसता, आणि गोपाळासाठी झालेला खर्चही बव्हंशी प्राथमिक शाळेपुढचा होता. म्हणजे गोखले स्वतःच्या घरासाठी भांडत नव्हते, आपल्या घराहूनही गरीब घरासाठी भांडत होते. भावाच्या त्यागाचे गोडवे गाणे त्यांना सहज शक्य होते. प्रत्येक घरात असा गोविंदराव असावा, असा उपदेश करून ते थांबू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. मुलाचे पहिले शिक्षण भावाच्या पगारावर आणि वहिनीच्या दागिन्यांवर अवलंबून राहता कामा नये, ते राज्याच्या खजिन्यातून झाले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. त्यागाचा आदर करणे आणि त्याग करण्याची पाळी कोणावर येऊ न देणे, या दोन गोष्टींतील भेद त्यांनी ओळखला होता.

दोन दिवसांच्या चर्चेनंतर १९ मार्च १९१२ रोजी हे विधेयक अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासद विरुद्ध होते आणि काही जमीनदार मंडळीही विरुद्ध होती. खर्च झेपणार नाही, लोकांची तयारी नाही, ही कारणे पुढे करण्यात आली. गोखल्यांना हा निकाल अनपेक्षित नव्हता. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते पुण्यास निवर्तले.

विधेयक पडले तरी बीज वाया गेले नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून आपल्या राज्यात सक्तीचे शिक्षण आरंभिलेच होते. ज्या कागलात गोविंदराव पंधरा रुपयांवर राबले, त्याच कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले शाहू महाराज यांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात, आणि १९२० मध्ये आपला दुर्ग जिल्हा ज्यात होता त्या मध्य प्रांतात तसे कायदे झाले. स्वातंत्र्यानंतरही वाट लांबच राहिली. २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. अडतीस विरुद्ध तेरा या निकालास तोवर अठ्ठ्याण्णव वर्षे लोटली होती.

आता आपल्या भिलाईकडे वळू. १९५५ सालच्या सोव्हिएत कराराने येथे पोलाद कारखान्याचा पाया घातला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर नागपूर, भंडारा आणि वऱ्हाडाकडून कितीतरी मराठी कुटुंबे रेल्वेने इकडे आली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणूस होताच, या नव्या लोंढ्याने त्याला बळ दिले. कारखान्याच्या सेक्टरांत आणि पुढे वैशाली नगरसारख्या वसाहतींत ही घरे वसली. गावाकडची शेती भावाच्या हाती सोपवून आलेला कामगार पाळी करून परतला की मुलाची वही उघडून बसे. भिलाईची मुले अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत देशभर चमकू लागली, त्यामागे हुशारीइतकीच घराघरांतील ही काटकसर आहे.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचे शेकडो अर्ज आमच्या टेबलावरून गेले आहेत. कारणाच्या रकान्यात घरबांधणी असते, आजारपण असते, लग्नकार्य असते, परंतु मुलांचे शिक्षण हे कारण सर्वांत अधिक वेळा वाचल्याचे आम्हांस स्मरते. त्या दोन शब्दांमागे काय असते, ते फाईलवर दिसत नाही. बदलीच्या गावी एकट्याने हाताने स्वयंपाक करणारा बाप आणि मुलांची शाळा मोडू नये म्हणून मागे राहिलेली आई, अशा दोन चुली आमच्या सेवेतील किती घरांनी वर्षानुवर्षे पेटत्या ठेवल्या आहेत. निवृत्तीनंतरच्या घराचे पैसे मुलीच्या वैद्यकीय शिक्षणात गेले, म्हणून भाड्याच्या घरात समाधानाने राहणारे सहकारीही आम्ही पाहिले आहेत. पंधरांतील आठ रुपयांचा हिशेब अजून बंद झालेला नाही, केवळ आकडे मोठे झाले आहेत.

एक पालट मात्र निःसंशय चांगला झाला आहे. गोविंदरावांच्या घरात भावासाठी बहिणींचे शिक्षण हिशेबात धरलेच गेले नाही. आज आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने पुकारली जातात. तरीही दोघांपैकी एकालाच बाहेरगावी पाठविण्याची ऐपत असली की कोणाचे नाव आधी मागे पडते, हे प्रत्येकाने आपल्या घरात प्रामाणिकपणे पाहावे.

या निमित्ताने मंडळास एक नम्र सूचना करावीशी वाटते. दरवर्षी आपण यशस्वी विद्यार्थ्यांना व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ देतो. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणासाठी घरातील ज्या व्यक्तीने सर्वाधिक सोसले, तिला बरोबर घेऊन यावे आणि तिचे नाव आधी पुकारले जावे. ती आई असेल, वडील असतील, शिक्षण सोडून दुकानात बसलेला दादा असेल, ताई असेल किंवा वहिनी असेल. तसेच ज्या घरात असा आधार देणारे कोणीच उरलेले नाही, त्या घरातील मुलाची फी मंडळाच्या निधीतून भरली जावी. पहिली गोष्ट केली तर गोविंदरावांचा आणि त्यांच्या पत्नीचा सन्मान होईल. दुसरी केली तर स्वतः गोखल्यांचा होईल, आणि त्यांना दोहोंपैकी दुसरीच अधिक आवडली असती, असे त्यांचे चरित्र पाहता आम्हांस वाटते.